काळा लेमूर आणि निळ्या डोळ्यांचा काळा लेमूर: तुलना नेमक्या कोणत्या क्रमाने करावी

लेमूर हे मादागास्कर बेटावरचे, माकडांच्याच गणातले पण माकड नसलेले प्राणी. त्यांतल्या काळा लेमूर आणि निळ्या डोळ्यांचा काळा लेमूर या दोन जातींची तुलना करायला बसलेला माणूस बहुतेक वेळा डोळ्यांपासून सुरुवात करतो आणि तेथेच फसतो. डोळ्यांचा रंग हा या दोन जातींमधला खरा फरक आहे यात शंका नाही. पण छायाचित्रात सर्वांत जास्त दगा देणारे लक्षणही तेच आहे. दुसरी नेहमीची चूक याहून ढोबळ असते. एका जातीचा नर आणि दुसऱ्या जातीची मादी शेजारी ठेवली जाते आणि त्यांच्यातला काळा-तपकिरी फरक ‘दोन जातींमधला फरक’ म्हणून लिहिला जातो. प्राणिशास्त्राचे विद्यार्थी प्रकल्पात, छायाचित्रकार फोटोखालच्या ओळीत आणि माहितीपर लेखन करणारे लेखांत या दोन्ही चुका करताना दिसतात. त्या टाळण्यासाठी पुढील क्रम दिला आहे. टप्पे मागेपुढे केले, तर प्रत्येक नोंद सुटी बरोबर असूनही निष्कर्ष चुकू शकतो.

## पूर्वतयारी

दोन्ही जाती मादागास्करच्या वायव्य भागातल्या आहेत. काळ्या लेमूरचे शास्त्रीय नाव युलेमूर मकॅको आणि निळ्या डोळ्यांच्या काळ्या लेमूरचे युलेमूर फ्लॅविफ्रॉन्स. या लेखात विश्वकोशाच्या परिभाषेप्रमाणे ‘जाती’ आणि ‘प्रजाती’ हे शब्द वेगळ्या अर्थांनी वापरले आहेत: युलेमूर ही प्रजाती आणि तिच्यातल्या मकॅको व फ्लॅविफ्रॉन्स या जाती. वर्तमानपत्री मराठीत जातीलाही प्रजाती म्हणतात. तसे करण्यास हरकत नाही, मात्र एकाच लेखात दोन्ही पद्धती मिसळू नयेत, कारण येथे एक जात पूर्वी उपजात मानली जात होती आणि पायऱ्या गोंधळल्या की वाचकाला काहीच उमजत नाही.

सुरुवातीस पुढील साहित्य जमवावे.

१. चार रकान्यांचा कोरा तक्ता. तुलना दोन जातींची असली तरी तक्ता दोन रकान्यांचा नसावा. मकॅको नर, मकॅको मादी, फ्लॅविफ्रॉन्स नर, फ्लॅविफ्रॉन्स मादी असे चार रकाने आखावेत. अर्ध्याहून अधिक चुका एवढ्यानेच थांबतात.

२. प्रत्येक रकान्यासाठी अनेक छायाचित्रे. एका प्राण्याचे एकच चित्र घेऊन संपूर्ण जातीचे वर्णन करू नये. चित्र कोठे काढले, रानात की प्राणिसंग्रहालयात, आणि कोणत्या महिन्यात, हे जेवढे कळेल तेवढे लिहून ठेवावे.

३. नद्या दाखवणारा वायव्य मादागास्करचा नकाशा. केवळ शहरे आणि रस्ते दाखवणारा नकाशा येथे निरुपयोगी आहे.

> सावधान: इंटरनेटवर ‘मकॅको’ हा शब्द शोधल्यास मकाक माकडांची माहितीही समोर येते, कारण काही युरोपीय भाषांत त्यांना हेच नाव आहे. लेमूर हा नरवानर गणातला असला तरी माकड नव्हे. माकडाचे एखादे माप चुकून तक्त्यात शिरले तर पुढे ते ओळखणे कठीण जाते.

## टप्पा १: नाव आणि साल जुळवून घ्या

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, म्हणून बहुतेक जण तो गाळतात. तसे करू नये. फ्लॅविफ्रॉन्सला स्वतंत्र जातीचा दर्जा २००८ मध्ये मिळाला. त्यापूर्वीच्या लेखनात हे दोन्ही प्राणी एकाच जातीच्या दोन उपजाती म्हणून येतात: युलेमूर मकॅको मकॅको आणि युलेमूर मकॅको फ्लॅविफ्रॉन्स. याचा व्यावहारिक अर्थ असा की २००८ पूर्वीच्या एखाद्या मजकुरात नुसते ‘युलेमूर मकॅको’ असे लिहिलेले असेल, तर ते आजचा काळा लेमूर म्हणून लिहिलेले आहे की दोन्ही मिळून, हे संदर्भावरून ठरवावे लागते. आणखी मागे गेल्यास युलेमूर हे प्रजातीनावच नाहीसे होते. ते १९८८ मध्ये रूढ झाले. त्याआधी हे प्राणी लेमूर या प्रजातीत गणले जात. त्याच वर्षी याच गटासाठी पेटेरस असेही नाव सुचवण्यात आले होते, त्यामुळे त्या सुमाराच्या काही लेखांत तेही भेटते.

फ्लॅविफ्रॉन्सचे अस्तित्व बराच काळ संशयास्पद मानले जात होते. १९८३ मध्ये तो रानात पुन्हा सापडल्यावर शंका फिटली. म्हणून त्याआधीच्या क्षेत्रीय अभ्यासांतले ‘काळे लेमूर’ बहुतांशी आजचे मकॅको असतात. तरीही ठिकाणाची खातरजमा केल्याशिवाय तसे गृहीत धरू नये.

> पडताळणी: तक्त्यातल्या प्रत्येक नोंदीसमोर मूळ मजकुराचे साल आहे का? जेथे साल नाही आणि नाव नुसते ‘मकॅको’ आहे, त्या नोंदीवर प्रश्नचिन्ह टाकून पुढे जावे.

## टप्पा २: ठिकाण नकाशावर टाका

प्राण्याकडे पाहण्याआधी नकाशाकडे पाहावे, हे अनेकांना उलटे वाटते. पण या दोन जातींच्या बाबतीत ठिकाण हा एखाद्या शारीरिक लक्षणाइतकाच भक्कम पुरावा आहे.

काळा लेमूर सांबिरानो भागातल्या तुलनेने दमट जंगलांत, अंपासिन्दावा द्वीपकल्पावर आणि किनाऱ्याजवळच्या नोसी बे व नोसी कोंबा या बेटांवर आढळतो. नोसी बेवरचे लोकोबे हे जंगल त्याला पाहण्याचे प्रसिद्ध ठिकाण. निळ्या डोळ्यांच्या काळ्या लेमूरचा प्रदेश याच्या दक्षिणेस आहे आणि फार छोटा आहे: उत्तरेला आन्द्रानोमालाझा नदी, दक्षिणेला मेव्हारानो नदी आणि या दोहोंच्या दरम्यान साहामालाझा द्वीपकल्प. तेथील जंगल सांबिरानोच्या दमट रानाकडून पश्चिमेच्या कोरड्या पानगळी रानाकडे झुकणारे आहे. साहामालाझा–राडामा बेटे राष्ट्रीय उद्यान २००७ मध्ये स्थापन झाले. रानातल्या फ्लॅविफ्रॉन्सबद्दलची बरीच माहिती याच द्वीपकल्पावरच्या अंकाराफा जंगलातून आलेली आहे.

या दोन प्रदेशांच्या सांध्यावर, विशेषतः मानोंगारिवोच्या परिसरात, दोन्हींची लक्षणे मिसळलेले प्राणी नोंदले गेले आहेत. नोंद तेथली असेल तर नकाशावरून जात ठरवू नये, आणि पुढे शारीरिक लक्षणांवरूनही ती ओढूनताणून ठरवू नये.

> सावधान: प्राणिसंग्रहालयातल्या छायाचित्राला हा टप्पा लागू होत नाही. तेथील पाटीवरचे नाव हा पुरावा म्हणून लिहावा, पण ‘पाटीनुसार’ असा शेरा देऊन. जुन्या पाट्यांवर उपजातीचे नाव गाळलेले असू शकते.

## टप्पा ३: आधी लिंग, मग वय

आपल्याकडे कोकीळ पक्ष्याचा नर काळाभोर आणि मादी तपकिरी, ठिपक्यांची असते, आणि माहीत नसलेल्याला ते दोन वेगळे पक्षी वाटतात. या लेमूरांची गोष्ट तशीच आहे. दोन्ही जातींत प्रौढ नर काळा असतो आणि प्रौढ मादी तपकिरी ते तांबूस. म्हणजे ‘काळा’ आणि ‘तपकिरी’ हा फरक जातीचा नाही, लिंगाचा आहे. हा घोटाळा केवळ नवशिक्यांचाच होतो असेही नाही. एकोणिसाव्या शतकात काळ्या लेमूरच्या मादीला स्वतंत्र जात समजून तिला निराळे शास्त्रीय नाव दिले गेले होते.

त्यामुळे चित्र हाती येताच प्राणी काळा आहे की तपकिरी एवढेच आधी पाहावे आणि तो नराच्या रकान्यात की मादीच्या, हे ठरवावे. जातीचा विचार या क्षणी करूच नये. त्यानंतर वय पाहावे. आईच्या पोटाला बिलगलेले किंवा पाठीवर बसलेले पिल्लू, तसेच अंगाने लहान दिसणारा अर्धवट वाढीचा प्राणी तुलनेतून वगळावा. पिल्लांचे केस आणि रंग प्रौढांसारखे पक्के झालेले नसतात. पिल्ले साधारणतः कोरड्या ऋतूच्या अखेरीस, म्हणजे सप्टेंबरच्या आगेमागे जन्मतात, म्हणून वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या कळपांच्या चित्रांत ही काळजी अधिक घ्यावी.

> पडताळणी: नराची तुलना नराशी आणि मादीची मादीशीच होत आहे ना? येथे एकही शंकास्पद नोंद उरली असेल, तर पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

## टप्पा ४: कान

आता प्राण्याच्या अंगावरचे पहिले निर्णायक लक्षण. ते डोळे नव्हे, कान आहेत.

काळ्या लेमूरच्या कानांभोवती लांब केसांचे झुबके असतात. मादीत ते पांढरे असल्यामुळे लांबूनही उठून दिसतात आणि गालांवरच्या पांढुरक्या केसांशी मिळून गडद चेहऱ्याला चौकट केल्यासारखे भासतात. नरात हेच झुबके काळे असतात, काळ्या डोक्यावर काळे. त्यामुळे समोरून घेतलेल्या, कमी उजेडातल्या चित्रात ते सहज निसटतात आणि ‘या नराला झुबके नाहीत’ अशी खोटी नोंद होते. निळ्या डोळ्यांच्या काळ्या लेमूरला, नर असो वा मादी, असे झुबके नसतात; त्याचा कान आखूड केसांचा आणि त्यामुळे कडा स्पष्ट दिसणारा असतो.

नराचे कान तपासताना डोक्यामागे आकाश किंवा उजळ पाने असलेले चित्र निवडावे. केस पार्श्वभूमीवर छायारेषेसारखे उमटतात आणि प्रश्न तात्काळ सुटतो. डोक्यामागे गर्द सावली असेल, तर चित्र कितीही सुंदर असले तरी कानाच्या रकान्यात ‘दिसत नाही’ असेच लिहावे. ‘नाही’ आणि ‘दिसत नाही’ यांतला फरक या संपूर्ण कामात सर्वांत जास्त वेळा मोडला जातो.

हे लक्षण डोळ्यांच्या आधी घेण्याचे कारण साधे आहे: केसांचा आकार उजेडानुसार बदलत नाही, रंग बदलतो.

## टप्पा ५: डोळे

काळ्या लेमूरचे डोळे नारिंगी किंवा पिवळट-नारिंगी असतात; निळ्या डोळ्यांच्या काळ्या लेमूरचे निळे ते निळसर-राखाडी. नर-मादी दोघांतही हा फरक टिकतो, म्हणून स्वच्छ उजेडातले जवळचे चित्र असेल तर हे लक्षण उत्तम आहे. अडचण चित्रांची आहे. दाट सावलीत निळा डोळा राखाडी दिसतो. मंद प्रकाशात बाहुली विस्फारते आणि रंगीत भागाची जेमतेम एक कड उरते. फ्लॅश वापरलेल्या चित्रात डोळ्यातून परतणारा प्रकाश मूळ रंग झाकून टाकतो. आणि हल्ली तर चित्रे भडक करण्याची इतकी हौस आहे की निळ्याचा जांभळा आणि पिवळ्याचा शेंदरी व्हायला वेळ लागत नाही.

यावर एक उपाय आहे. चित्रात मादी असेल तर तिच्या पोटाकडचे फिके केस, किंवा झाडाची पाने आणि साल यांचे रंग नैसर्गिक वाटतात का, हे आधी पाहावे. ते निळसर झाले असतील तर डोळ्यांचा निळेपणाही संशयास्पद धरावा.

एक सूचना लेखन करणाऱ्यांसाठी. माणसाच्या निळ्या डोळ्यांमागे जो आनुवंशिक बदल असतो, तोच या लेमूरांतही असावा असे सहज लिहिले जाते. संशोधकांनी हे तपासले आहे आणि माणसातला तो बदल या लेमूरांत आढळलेला नाही. रंग सारखा असला तरी तो वेगळ्या वाटेने आलेला आहे. ही जोडणी आकर्षक आहे म्हणून लेखात घेऊ नये.

> पडताळणी: कान आणि डोळे एकच उत्तर देतात का? झुबके नाहीत पण डोळे नारिंगी, किंवा झुबके आहेत पण डोळे निळसर, असे दिसल्यास टप्पा २ कडे परत जाऊन ठिकाण पाहावे. घाईने एका लक्षणाला झुकते माप देऊ नये.

## टप्पा ६: कपाळ आणि अंगाचा रंग

ही पूरक लक्षणे आहेत. ती निर्णय पक्का करतात, एकटी निर्णय देत नाहीत. फ्लॅविफ्रॉन्स नराच्या कपाळावर आखूड केसांची उभी कड, म्हणजे छोटा तुरा असतो. बाजूने घेतलेल्या चित्रात तो स्पष्ट दिसतो, समोरून नाही. त्याचा काळा रंग काही वेळा तपकिरी झाक मारतो, विशेषतः उन्हात, आणि तेवढ्यावरून त्याला मादी ठरवण्याची चूक होते.

मादींमध्ये मकॅको मादी पाठीवर तपकिरी ते तांबूस-तपकिरी आणि पोटाकडे फिकी असते. फ्लॅविफ्रॉन्स मादी त्या मानाने उजळ, नारिंगीकडे झुकणारी. हा फरक दोन चित्रे शेजारी ठेवल्यावर जाणवतो; एकट्या चित्रावरून रंगाची छटा सांगून जात ठरवणे धोक्याचे आहे.

## टप्पा ७: मापांना योग्य जागा द्या

शाळकरी तक्त्यांत माप पहिल्या ओळीत असते. या तुलनेत ते शेवटाकडे असावे, कारण मापांनी या जाती वेगळ्या करता येत नाहीत. दोन्हींचे वजन सुमारे २ किलोग्रॅम, डोके व धड मिळून लांबी ४० सेंटिमीटरच्या आसपास आणि शेपूट त्याहून लांब. गुणसूत्रांची संख्याही दोन्हींत ४४ आहे. एका जातीच्या थोड्या प्राण्यांची सरासरी दुसरीहून काही ग्रॅमने जास्त आली म्हणून ‘अमुक जात मोठी’ असे लिहिणे बरोबर नाही. मापे साम्याच्या भागात नोंदवावीत. साम्य लिहिणे हाही तुलनेचाच भाग आहे, आणि तो मराठी प्रकल्पांत हमखास उपाशी राहतो.

## टप्पा ८: वर्तनाची तुलना, आणि तिचे सापळे

वर्तनातली साम्ये आधी लिहावीत. दोन्ही जाती नर-मादी मिश्र कळपांत राहतात, दोन्हींत माद्या नरांवर वरचढ असतात, आणि दोन्ही जाती दिवसाही व रात्रीही सक्रिय असतात. ‘निशाचर’ किंवा ‘दिनचर’ असा एकच शिक्का मारल्यास तो दोन्हींच्या बाबतीत चुकेल. आहारात फळांचा भाग मोठा, त्याबरोबर पाने, फुले आणि लहान कीटकवर्गीय प्राणी.

फरक लिहिण्याची वेळ येते तेव्हा तीन ठिकाणी हात आखडावा.

१. जंगल बदलले की वर्तन बदलते. साहामालाझात फ्लॅविफ्रॉन्सचेच कळप मूळ जंगलात आणि तोडीनंतर वाढलेल्या दुय्यम जंगलात अभ्यासले गेले, तेव्हा दुय्यम जंगलातल्या कळपांना फिरण्यासाठी मोठा परिसर लागतो असे दिसले. एकाच जातीत एवढा फरक पडत असेल, तर लोकोबेच्या दमट रानातला मकॅको आणि अंकाराफातला फ्लॅविफ्रॉन्स यांच्या परिसराच्या आकारातला फरक जातीचा की जंगलाचा, हे नुसत्या आकड्यांवरून सांगता येणार नाही.

२. नोंद नाही म्हणजे वर्तन नाही, असे होत नाही. लोकोबेतले काळे लेमूर मिलिपीड, म्हणजे आपल्याकडच्या पैशासारखे किडे, चावून त्यांचा स्राव अंगाला चोळताना पाहिले गेले आहेत. हे मकॅकोच्या रकान्यात लिहावे. पण समोरच्या रकान्यात ‘करत नाही’ असे लिहू नये. तेथे ‘माहिती मिळाली नाही’ एवढेच येईल.

३. पर्यटकांना सरावलेले प्राणी वेगळे काढावेत. नोसी कोंबावर काळे लेमूर माणसाच्या खांद्यावर बसून केळी खातात. त्या चित्रांवरून कान, डोळे आणि लिंग उत्तम कळते. पण त्यावरून ‘काळा लेमूर माणसाळू आणि निळ्या डोळ्यांचा बुजरा’ असा फरक काढणे म्हणजे केळ्यांची तुलना करणे होय.

ऋतूही जुळवावा. त्या भागात साधारण मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ आणि नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाळा. एका जातीच्या कोरड्या ऋतूतल्या आहाराशी दुसरीच्या पावसाळी आहाराची तुलना करू नये. तुरळक नोंदींच्या बाबतीत निदान महिना तरी शेऱ्यात लिहावा.

## टप्पा ९: संरक्षणाचा दर्जा

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत निळ्या डोळ्यांचा काळा लेमूर ‘अतिसंकटग्रस्त’ आणि काळा लेमूर ‘संकटग्रस्त’ वर्गात आहे. पहिला दर्जा दुसऱ्याहून अधिक गंभीर असतो; मराठीत हे दोन शब्द अदलाबदल करून वापरले जातात, ते टाळावे. काळा लेमूर पूर्वी याहून खालच्या, ‘असुरक्षित’ वर्गात होता, म्हणून जुन्या मजकुरातला दर्जा जसाच्या तसा उचलू नये आणि दर्जासोबत मूल्यमापनाचे साल द्यावे. कारणे मात्र बव्हंशी सामाईक आहेत: शेतीसाठी जंगल तोडून जाळणे, जंगलाचे तुकडे पडणे, आणि शिकार. फ्लॅविफ्रॉन्सची स्थिती अधिक बिकट असण्यामागे त्याचा मुळातला छोटा प्रदेश हे मोठे कारण आहे. टप्पा २ चा नकाशा येथे पुन्हा जोडावा. दर्जातला फरक त्याच्याशिवाय समजत नाही.

## टप्पा १०: निष्कर्ष लिहिणे

प्रत्येक चित्रासाठी निष्कर्ष एका वाक्यात लिहावा आणि त्या वाक्यात पुरावा कोणत्या क्रमाने मिळाला ते यावे. खालील तीन नमुने पाहावेत.

पहिला: “नोसी कोंबा, तपकिरी, म्हणून मादी, कानांना पांढरे झुबके, डोळे नारिंगी, काळा लेमूर, प्रौढ मादी.” येथे सर्व टप्पे एकाच दिशेने जातात.

दुसरा: “प्राणिसंग्रहालय, ठिकाणाचा पुरावा नाही, काळा, म्हणून नर, उजळ पार्श्वभूमीवर कान आखूड केसांचे, डोळे अर्धवट मिटलेले, रंग कळत नाही, बाजूने कपाळावर तुरा, बहुधा निळ्या डोळ्यांचा काळा लेमूर, प्रौढ नर.” डोळे दिसत नसूनही उत्तर मिळाले, मात्र ‘बहुधा’ हा शब्द ठेवणे आवश्यक आहे. अमेरिकेतल्या ड्यूक लेमूर सेंटरसारख्या, ही जात जोपासणाऱ्या आणि नावे काटेकोर ठेवणाऱ्या संस्थेतले चित्र असेल आणि पाटीही तेच सांगत असेल, तर ‘बहुधा’ काढता येईल.

तिसरा: “मानोंगारिवो परिसर, काळा, म्हणून नर, कानांचे झुबके आखूड, डोळ्यांचा रंग मधला, जात ठरवलेली नाही, मिश्र लक्षणे.” अशी नोंद चार रकान्यांपैकी कोणत्याही रकान्यात घालू नये. तिच्यासाठी तक्त्याच्या शेवटी पाचवा रकाना आखावा, त्यात ठिकाण आणि महिना ठळक लिहावा, आणि सरासरी किंवा सर्वसाधारण वर्णन काढताना तो रकाना बाजूला ठेवावा.